पदराआडचे ठोके

दवाखान्यातलं हे दृश्य तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. स्टुलावर बसलेली बाई पदर आणखी घट्ट लपेटून घेते. डॉक्टर स्टेथोस्कोप त्या पदरावरच, गळ्याच्या थोडा खाली, कुठेतरी टेकवतात. "मोठा श्वास घ्या." एक, दोन. मग पाठीवर, तेही ब्लाऊजवरूनच. अर्ध्या मिनिटात तपासणी आटोपते. बाईला हायसं वाटतं, डॉक्टरांनाही. दोघांचाही संकोच टळला! पण जे तपासायचं होतं, ते मात्र राहूनच गेलं.

तालुक्याच्या गावात गेली वीस-बावीस वर्षं दवाखाना चालवताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. आपल्याकडच्या बाईचं हृदय नीट ऐकलंच जात नाही. हे मी कवितेतल्या अर्थाने म्हणत नाहीये. अगदी शब्दशः, कानाला नळी लावून ऐकलं जात नाही. आणि त्यामुळे झडपांचा एक जुना, ओळखीचा आणि वेळीच आवरता येण्यासारखा आजार वर्षानुवर्षं 'अशक्तपणा' या नावाखाली लपून राहतो.

आधी हे हृदय बोलतं तरी काय, ते बघू या.

हृदयाला चार कप्पे आणि चार झडपा. बोलताना आपण त्यांना व्हॉल्व्ह म्हणतो. विहिरीवरच्या मोटारीचा फूटवाल ज्यांनी पाहिलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. पाणी वर जाऊ द्यायचं, परत खाली उतरू द्यायचं नाही! हृदयातल्या झडपांचं कामही तेवढंच. रक्त पुढे जाऊ द्यायचं, मागे येऊ द्यायचं नाही. मिनिटाला सत्तर-बहात्तर वेळा, म्हणजे दिवसाला साधारण एक लाख वेळा त्या उघडतात आणि मिटतात. सुट्टी नाही, रविवार नाही. आपल्यासारखंच की!

आपण ज्याला 'धडधड' म्हणतो, ते डॉक्टरांना 'लब-डब, लब-डब' असं ऐकू येतं. हे आवाज झडपा मिटण्याच्या वेळचे. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधल्या दोन झडपा, मायट्रल आणि ट्रायकस्पिड, मिटतात तेव्हा 'लब'. हृदयातून बाहेर जाणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा, एओर्टिक आणि पल्मनरी, मिटतात तेव्हा 'डब'. 'लब' आणि 'डब'च्या मध्ये हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतं. 'डब'नंतर थोडी जास्त उसंत असते, त्या वेळात ते पुन्हा भरून घेतं. नवरा शांत झोपलेला असताना त्याच्या छातीला कान लावून बघा. लब-डब… थोडं थांबून पुन्हा लब-डब. सहज कळेल.

अंगणात पाणी मारताना आपण पाइपच्या तोंडावर अंगठा दाबतो, तेव्हा पाणी कसं 'फर्र' करत सुटतं? रक्ताचंही तसंच. झडप आखडून तिची वाट अरुंद झाली, किंवा झडप नीट न मिटल्यामुळे रक्त मागे गळायला लागलं, की लब-डबच्या मध्ये एक जादा आवाज यायला लागतो. त्याला म्हणतात मर्मर. आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर उगाच घाबराल. मर्मर ऐकू आला म्हणजे झडप खराबच, असं मुळीच नाही. रक्त फार कमी असेल, ताप असेल, दिवस गेलेले असतील, तर निरोगी हृदयातूनही असा आवाज येऊ शकतो. शाळकरी मुलांमध्ये तर तो कितीदा तरी सापडतो. पण हा आवाज साधा की आजाराचा, हे ठरवायला तो आधी ऐकायला तर हवा ना!

आणि इथेच आपलं घोडं अडतं.

हृदय ऐकायच्या छातीवर मुख्य चार जागा असतात. दोन वरच्या बाजूला, छातीच्या मधल्या हाडाच्या उजवी-डावीकडे. तिसरी त्याच हाडाच्या खालच्या टोकाजवळ डावीकडे. आणि चौथी, मायट्रल झडपेची, डाव्या स्तनाच्या खाली. आपल्याकडे सगळ्यात जास्त बिघडते ती हीच झडप. ती आखडली की जो मर्मर येतो, तो सगळ्यात हळू आणि खर्जातला. लांब कुठेतरी आभाळ गडगडावं तसा. तो पकडायला बाईला डाव्या कुशीवर झोपवावं लागतं. स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू उघड्या कातडीवर हलकेच टेकवावी लागते आणि पंखा बंद करून, शेजारच्या गप्पा थांबवून ऐकावं लागतं. पदर, ब्लाऊज आणि आतले कपडे एवढ्या थरांतून तो आवाज येत नाही. येते ती फक्त कापडाची खसखस.

म्हणजे बघा, बायकांमध्ये जास्त आढळणारा हा आजार, आणि त्याचा आवाज नेमका कुठे, तर बाई जिथे कुणाला हात लावू देत नाही तिथे!

गंमत अशी, की स्टेथोस्कोपचा जन्मच मुळी बाईच्या संकोचातून झाला आहे. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रेने लेनेक नावाच्या डॉक्टरांकडे एक तरुण, अंगाने स्थूल बाई आली. हृदयविकाराची लक्षणं होती. त्या काळी डॉक्टर सरळ रोग्याच्या छातीला कान लावत. तरुण बाईच्या छातीला कान कसा लावणार? लेनेकनी कागदाची घट्ट गुंडाळी केली. तिचं एक टोक बाईच्या छातीवर ठेवलं, दुसऱ्याला आपला कान लावला. कानाने सरळ ऐकू यायचे, त्याहूनही ठोके स्पष्ट ऐकू आले. त्यातून पुढे लाकडी नळी झाली, १८१९ मध्ये त्यांचं जाडजूड पुस्तक आलं आणि डॉक्टरांच्या गळ्यातली खूण जन्माला आली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की लेनेकनी संकोचाची सबब केली नाही, त्यावर उपाय काढला. बाईची लाजही राखली आणि तिचं हृदयही ऐकलं.

आपल्याकडे १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी श्रीरामपूरच्या सभेत उभ्या राहून सांगत होत्या, की या देशाला स्त्री डॉक्टर हव्या आहेत. हे श्रीरामपूर बंगालमधलं. बायका पुरुष डॉक्टरांपुढे दुखणं उघड करत नाहीत, म्हणून कुढत राहतात, हे त्यांना दिसत होतं. त्याला आता एकशे चाळीस वर्षं होऊन गेली. लेडी डॉक्टर गावोगाव झाल्या, पण पदरावरचा स्टेथोस्कोप काही पदराआड गेला नाही. कारण लेडी डॉक्टरकडे आपण जातो ते 'बायकांच्या दुखण्यासाठी'. हृदय हे बायकांचं दुखणं आहे, असं आपल्याला वाटतच नाही. हार्ट म्हटलं की पुरुष, पन्नाशी आणि अँजिओप्लास्टी!

झडपांचा हा आजार सुरू होतो शाळेच्या वयात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना घसा दुखून ताप येतो. त्यातल्या काही घशांमध्ये स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जंतू असतात. घसा आपोआप बराही होतो. पण काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी वेगळाच ताप येतो, रुमॅटिक ताप. गुडघा सुजतो, तो उतरतो तोवर घोटा, मग कोपर. जंतूंशी लढायला शरीराने उभं केलेलं सैन्य चुकून आपल्याच सांध्यांवर आणि हृदयावर चाल करून जातं. सांधे पूर्ण बरे होतात, मागे खूणही राहत नाही. झडपांवर मात्र वळ राहतात. ताप पुन्हा पुन्हा आला की ते वाढत जातात. एका खोलीत सात-आठ माणसं, दाटीवाटीची वस्ती, घशाकडे दुर्लक्ष, अशा ठिकाणी हा आजार फोफावतो. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ हद्दपार झाला. आपल्याकडे नाही. मे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने त्याच्याविरुद्ध खास ठराव केला, तो काही उगाच नाही.

यावरचं औषध जुनं आणि स्वस्त आहे, पेनिसिलिन. एकदा रुमॅटिक ताप येऊन गेला, की दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं, म्हणजे ताप उलटत नाही आणि झडपा आणखी बिघडत नाहीत. युगांडात ज्यांच्या झडपांवर आजाराच्या अगदी सुरुवातीच्या खुणा होत्या अशा ८१८ मुलांचा अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी दोन वर्षांत शंभरात एकाचाही आजार वाढला नाही, न घेणाऱ्यांपैकी शंभरात आठ जणांचा वाढला. किती वर्षं घ्यायचं हे झडपेच्या अवस्थेवर ठरतं. कुणाला पाच वर्षं, कुणाला चाळिशीपर्यंत. इंजेक्शन दुखतं, हे खरं. क्वचित रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून सोय असलेल्या दवाखान्यातच घ्यावं. पण 'आता बरं वाटतंय' म्हणून थांबवणं, हा यातला सगळ्यात महाग पडणारा निर्णय!

आणि मुलींच्या बाबतीत हा निर्णय कधी होतो, ठाऊक आहे? लग्न ठरलं की.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये इतपत बदलून. सातवा महिना लागलेली तेवीस वर्षांची सून. रात्री आडवं पडलं की खोकला, उशाला दोन-तीन उशा, जिना चढताना मध्येच बसायची. दोन आठवडे खोकल्याचं औषध झालं, लोहाच्या गोळ्या झाल्या. सासूबाईंचं मत, "पहिलटकरणीला थोडा दम लागायचाच." डाव्या कुशीवर वळवून ऐकलं, तर तोच लांबचा गडगडाट. सासूबाईंना बाहेर पाठवल्यावर पोरगी हळूच म्हणाली, "नवव्या वर्षी सांधे सुजले होते. इंजेक्शनं चालू होती. लग्नाच्या वेळी आईने फाईल माळ्यावर टाकली. म्हणाली, तिकडे बोलू नकोस."

मी त्या आईला दोष देत नाही. 'हार्टची मुलगी' म्हटल्यावर किती स्थळं दारात येतील, ते तिला माहीत होतं. पण माळ्यावरची फाईल म्हणजे पोरीच्या जिवाशी खेळ होता. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं आणि नाडी वाढते. मायट्रल झडपेचं तोंड एरवी चार ते सहा चौरस सेंटिमीटर असतं. आखडत आखडत ते दीड-एकपर्यंत आलेलं असलं, तर एवढं रक्त त्यातून जायचं कसं? त्यात ठोके जलद झाले की भरून घ्यायची ती उसंतही कमी होते. मग रक्त मागे फुफ्फुसांत तुंबतं. धाप लागते, खोकला येतो, कधी थुंकीतून रक्त पडतं. आजवर घरकामात खपून गेलेला आजार पाचव्या-सहाव्या महिन्यात उघडा पडतो. बाळंतपणात आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत तर खरी परीक्षा असते.

ती मुलगी वेळेत शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पोहोचली. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, तिच्या टोकाचा फुगा फुगवून झडप मोकळी केली गेली. जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८०च्या दशकात आणलेली ही पद्धत आज आपल्याकडे रुळलेली आहे. सगळ्याच झडपांना ती चालत नाही. काहींना ऑपरेशन करून झडप बदलावी लागते. त्यासाठी तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने बनवलेली भारतीय झडप १९९० पासून वापरात आहे. धातूची झडप बसवलेल्या बाईचं हृदय रात्रीच्या शांततेत घड्याळासारखं टिकटिक करतं, घरच्यांनाही ऐकू येतं. ती टिकटिक सुरू राहावी म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते आणि रक्त ठरावीक दिवसांनी तपासावं लागतं. त्यातली काही औषधं गर्भाला, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत, बाधू शकतात. म्हणून दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोलायचं. आणि गोळी आपल्या मनाने बंद तर कधीच करायची नाही. धातूच्या झडपेवर गुठळी धरली तर प्राणावर बेततं.

आता हे सगळं सासरी लपवून कसं जमणार? दर तीन आठवड्यांचं इंजेक्शन काय, रोजची गोळी काय, चोरून घेता येते का? म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की मुलीच्या रुखवतात पाच भांडी कमी ठेवा, पण तिची फाईल तिच्या पेटीत घाला. आणि मुलाकडच्यांनी हे समजून घ्यावं, की हा आजार लागत नाही, तो कुठल्या पापाचं फळ नाही आणि घराण्यावरचा डागही नाही. वेळेवर उपचार आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने आखलेलं गरोदरपण, एवढं सांभाळून संसार करणाऱ्या कितीतरी बायका आहेत. झडप फारच आखडलेली असेल, तर आधी ती मोकळी करून मग मुलाचा विचार करायचा. सांगितलेल्या आजाराला वाट काढता येते, लपवलेल्याला नाही.

कुणी म्हणेल, "आता टू-डी इको निघालाय, त्या जुन्या नळीचं काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. नुसत्या कानाने सगळं पकडता येत नाही, हेही खरं. कंबोडिया आणि मोझांबिकमधल्या शाळकरी मुलांच्या २००७ सालच्या अभ्यासात, स्टेथोस्कोपला सापडली त्याच्या साधारण दहापट मुलं इकोने शोधली. पण इकोचं मशीन प्रत्येक गावात नाही. जिथे आहे तिथे तुम्हाला पाठवणार कोण? ज्या डॉक्टरला काही वेगळं ऐकू आलं किंवा तुमचं बोलणं खटकलं, तोच ना! धाप लागण्याइतकी झडप आखडलेली असेल, तर बहुतेक वेळा ती बोलते. ऐकणारा हवा.

माझ्या व्यवसायबंधूंनाही चार शब्द. तपासणीच्या खोलीत एक पडदा आणि सोबत उभी राहायला एक सिस्टर किंवा मावशी, एवढं कुठल्याही दवाखान्याला परवडतं. काय करणार आहात ते आधी सांगा, मग बाई नाही म्हणत नाही. 'बायका ऐकू देत नाहीत' ही तक्रार मी खूपदा ऐकली आहे. त्यांना नीट विचारलं जातं, असं मात्र क्वचितच पाहिलंय.

आणि मैत्रिणींनो, आपल्या हातातलं काय? पोराचा घसा दुखून ताप आला तर हळद-दुधावर आठवडा काढू नका, दाखवा. ताप येऊन सांधे आळीपाळीने सुजले, तर 'वाढीचं दुखणं' म्हणून सोडू नका. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्या दिवशी मुलीला घरी ठेवू नका. त्यांच्या तपासणीत हा हृदयविकारही आहे. घरात दिवस राहिलेली कुणी असेल, तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, तिथे तिला न्या. वजन, बीपी, हिमोग्लोबिन होतं, तशी छातीही एकदा नीट ऐकून घ्या. ऑपरेशनची वेळ आलीच, तर खर्चाच्या धास्तीने घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपांची ऑपरेशनं बसतात. रेशनकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

आणि स्वतःचं? पाण्याची कळशी उचलून चार पायऱ्या चढताना गेल्या वर्षी लागत नव्हता तो दम यंदा लागत असेल, रात्री उशा वाढवाव्या लागत असतील, पावलं सुजत असतील, छातीत उगाच धडधडत असेल, तर 'वय झालं', 'वजन वाढलं', 'टेन्शन आहे' अशी निदानं घरच्या घरी करू नका. दवाखान्यात जा. सोबत हवी तर बहिणीला न्या, नणंदेला न्या. आणि तपासणी पदरावरूनच उरकायला लागली, तर सरळ म्हणा, "डॉक्टर, पडदा लावा आणि छाती नीट ऐका."

हे म्हणायला काही लाजायचं कारण नाही. तो तुमचा हक्कच आहे.